कचरा शुल्क जरूर घ्या, पण आधी कचरा उचला!

परवा घरपट्टीचं बिल हातात पडलं. संकलित कर, वृक्ष कर, शिक्षण कर, अग्निशमन, दिवाबत्ती, विशेष स्वच्छता कर ही नेहमीची उतरंड होतीच. सगळ्यात खाली एक नवा पाहुणा येऊन बसलाय. घनकचरा उपयोगकर्ता शुल्क, 480 रुपये.

वर स्वच्छता कर, खाली स्वच्छतेचंच शुल्क. एकाच लग्नात दोनदा आहेर!

पालिकेत विचारायला गेलो. टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "शासनाचा नियम आहे, आमच्या हातात काही नाही."

हे अर्धंच खरं आहे मंडळी. नियम आहे. केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 साली आले आणि त्यात कचरा करणाऱ्या प्रत्येकानं शुल्क द्यावं असं लिहिलं होतं. राज्यानं 2019 मध्ये त्याचे नमुना उपविधी काढले. पण त्याच 2016 च्या नियमांत दारोदार जाऊन कचरा गोळा करणं ही पालिकेची जबाबदारी म्हटली होती. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा न्यायचा, त्यावर प्रक्रिया करायची, सफाई कामगारांना हातमोजे, बूट, मास्क द्यायचे, हेही तिथंच होतं. आमच्या साहेबांना त्या सगळ्या नियमावलीतलं फक्त वसुलीचं कलम पाठ!

आता आमच्या गल्लीतली परिस्थिती सांगतो, तुमच्याकडेही फार वेगळी नसेल. घंटागाडी आठवड्यातून दोनदा येते, नशीब जोरावर असेल तर तीनदा. भोंग्यावरचं गाणं ऐकून बायाबापड्या डबे घेऊन दारात येईपर्यंत गाडी कोपरा वळलेली. शेजारच्या काकू गेली दोन वर्षं इमानेइतबारे ओला-सुका वेगळा करतात. गाडीवाला त्यांच्यासमोर दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे करतो. काकू त्याला काही बोलत नाहीत. त्याच्या हातात मोजे नसतात हे त्यांनाही दिसतं.

तर मुद्दा 480 रुपयांचा नाही. कर आणि शुल्क यात फरक आहे, मुद्दा तो आहे. कर सगळ्यांच्या भल्यासाठी घेतला जातो, त्याच्या बदल्यात मला अमुकच द्या असं म्हणता येत नाही. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यात असतं. सर्वोच्च न्यायालयानं 1954 च्या शिरूर मठ खटल्यात हा फरक मांडलाय. (हे शिरूर आपलं पुण्याजवळचं नव्हे, उडुपीचं.) पुढे न्यायालयानंच हे थोडं सैल केलं, पै-पैचा हिशेब जुळलाच पाहिजे असं नाही म्हणाले. पण सेवेचा पत्ताच नसेल आणि पैसे घेतले तर त्याला शुल्क कसं म्हणायचं?

पुण्याचं उदाहरण बघा. तिथं 2008 पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. शुल्क तिथंही आहे. पण कचरावेचक ताई महिन्याला दारात येऊन ते मागते. ती आलीच नाही तर लोक विचारतात, बाई, कुठं होतीस? पैसे देणारा आणि काम करणारा समोरासमोर. आमच्याकडे शुल्क बिलात घुसवलंय. गाडी येवो न येवो, मीटर चालू. वर थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती! म्हणजे कचरा माझ्या दारात सडणार आणि व्याजही माझ्याच डोक्यावर.

पिंपरी-चिंचवडला हेच झालं. महिन्याला 60 रुपयांप्रमाणे शुल्क मालमत्ताकराच्या बिलात आलं, तेही मागल्या वर्षांसकट. लोक भडकले, आमदार बोलले आणि 2023 मध्ये सरकारला वसुली थांबवावी लागली. मोठ्या शहरातला आवाज मुंबईत ऐकू जातो. आपला तालुक्याच्या वेशीबाहेर तरी जातो का?

दर तरी कसा ठरवला? पत्र्याच्या दोन खोल्यांत धुणीभांडी करणारी बाई राहते, तिलाही 480. तीनमजली बंगला, दारात दोन गाड्या, त्यालाही 480. 2025 च्या मुंबईच्या मसुद्यात निदान घराच्या आकारावर 100, 500 आणि 1000 असे टप्पे तरी होते. आपल्याकडे तेवढाही विचार नाही. कसा असणार? दर ठरले तेव्हा सभागृहच नव्हतं. डिसेंबर 2025 ची निवडणूक होईपर्यंत प्रशासक राज. एका सहीत ठराव मंजूर, ना चर्चा, ना विरोध.

आणि हो, आपणही धुतल्या तांदळाचे नाही. रात्री मोटारसायकलवरून जाता जाता पिशवी ओढ्यात भिरकावणारे कुणी परग्रहावरून येत नाहीत. बाजारपेठेतले काही शेठ शटर ओढताना सगळा पुठ्ठा गटारीत लोटतात, त्यांच्याकडून दंड वसूल झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कारण दंडाला हिंमत लागते, बिलात ओळ वाढवायला फक्त संगणक लागतो.

शुल्क नकोच असं मी म्हणत नाही. गाडीचं डिझेल, कामगाराचा पगार फुकट येत नाही. पण त्या पैशाचं वेगळं खातं काढा. ज्या गल्लीत गाडी आली नाही, तिथली आकारणी वजा करा. आणि ठेक्याची पद्धत बदला राव! ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर तो कचरा वेगळा कशाला करेल? त्याला ओला कचरा गोड, माती-राडारोडा त्याहून गोड. काट्यावर सगळं सारखंच.

नवे नगरसेवक निवडून आलेत. त्यातले निम्मे ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे (लाईक करत नाहीत, तेही माहीत आहे). पुढच्या सर्वसाधारण सभेत जुन्या ठरावाचा फेरविचार विषयपत्रिकेवर आणायला कुणाची बंदी आहे का?

मी काल माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, 10 रुपयांचं तिकीट लावून. शुल्कापोटी आजवर किती जमा झाले, कुठल्या खात्यात गेले, ठेकेदाराला कशाच्या हिशेबानं पैसे देता आणि माझ्या प्रभागात गाडी किती दिवस आली याची नोंदवही. 30 दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो. तोवर तुमच्या गल्लीत गाडी कधी आली, कधी नाही, तारखेसकट खाली लिहा. नोंदवहीशी ताडून बघू.