दुसरी चावी कुणाकडे?



आजचा विषय चौक्याचा नाही, उपवासाचाही नाही. गाडीच्या चावीचा आहे. हसू नका. आपल्यातल्या किती जणी आता गाडी चालवतात ते पाहायचं असेल तर लातूरला भल्या पहाटे क्लासेसच्या रस्त्यावर उभं राहा. मुलांना सोडायला येणाऱ्या निम्म्या गाड्यांत स्टीअरिंगवर बाईच असते. नांदेडहून शिरडशहापूरला मल्लिनाथांच्या दर्शनाला चार बायका मिळून स्वतः गाडी काढून जातात, वीस वर्षांपूर्वी हे कुणी मनातसुद्धा आणलं नसतं. गाडी हातात आली, चांगलंच झालं. पण गाडीसोबत कंपनीने दिलेली दुसरी चावी कुठे आहे, असं विचारलं की दहातल्या आठ जणी म्हणतात, “यांच्याकडे असेल.” आणि पहिली चावी कुलपात अडकली तर काय करायचं, या प्रश्नालाही उत्तर तेच. “यांना फोन करायचा.”

माझं म्हणणं असं की जी गाडी चालवते तिला हे दोन्ही माहीत असलंच पाहिजे.

माझी जाऊ नांदेडला असते. मागच्या मार्गशीर्षात ती दोन मुलांना घेऊन लातूरहून परत निघाली. चाकूर, अहमदपूर मागे टाकून लोह्याला फळं घ्यायला थांबली. सूर्यास्तानंतर ती अन्न तर नाहीच, पाणीही घेत नाही, म्हणून घाईत होती. फळं घेऊन आली तर चावी आत गेली, पण फिरेना. पुढचं चाक दगडाला टेकलं होतं, उतरताना स्टीअरिंग लॉक झालं होतं, एवढंच कारण. हे तिला माहीत नव्हतं आणि भोवती जमलेल्या पाच-सहा पुरुषांनाही माहीत नव्हतं, पण त्यांना ते कबूल करायचं नव्हतं. एकाने हॉटेलातून पकड आणली. दुसरा म्हणाला, बायकांच्या हातात गाडी दिली की असंच. पकडीने चावी पिळली, ती अर्ध्यात तुटली आणि पातं आत राहिलं.

तासाभराने चावीवाला मिळाला. बारीक आकड्याने त्याने पाच मिनिटांत तुकडा काढला. पण नवी चावी कापायची मशीन त्याच्याजवळ नव्हती. दुसरी चावी नांदेडला, तीसेक किलोमीटरवर, दुकानाच्या तिजोरीत. तिजोरीची किल्ली दिरांजवळ आणि दीर हैदराबादला. दोन मुलं, थंडी, आणि तोंडात पाण्याचा थेंब न घेता रात्री दहापर्यंत रस्त्याच्या कडेला. घरी आल्यावर पहिला प्रश्न काय, तर “तू केलंस काय चावीला?”

तिने काहीच केलं नव्हतं. चावी पिळणारा हात दुसऱ्याचा होता, तिजोरी दुसऱ्याची होती. बोल मात्र तिला.

आता थोडं कुलपाबद्दल. कुलपाच्या आत बारीक पत्र्या असतात, प्रत्येकीखाली इवलीशी स्प्रिंग. चावीच्या खाचांनी त्या पत्र्या बरोबर एका रेषेत आल्या तरच आतला गोल भाग फिरतो. धूळ बसली, पत्री झिजली किंवा चावी झिजली की एखादी पत्री जागेवर येत नाही आणि चावी फिरत नाही, नाहीतर सुटत नाही. आपल्याकडे रस्त्याची कामं बारा महिने चालू, वर सोयाबीन-तुरीच्या राशीचा भुस्सा, मग धुळीला तोटा कसला? म्हणून चावी अडकली की आधी कारण बघायचं. फिरत नसेल तर डाव्या हाताने स्टीअरिंग हळू डावीकडे-उजवीकडे हलवत उजव्या हाताने चावी अलगद फिरवायची, बहुतेक वेळा तिथेच काम होतं. निघत नसेल तर ती पूर्ण मागे ‘लॉक’पर्यंत आली आहे का ते पाहायचं. काही गाड्यांत त्या शेवटच्या टप्प्याला चावी किंचित आत दाबावी लागते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ‘पी’वर हवा. बॅटरी उतरली असली तरी काही ऑटोमॅटिक गाड्या चावी सोडत नाहीत, तो दोष कुलपाचा नसतो. आणि पकड, पान्हा, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुणी मदतीला धावला तर त्याला हात जोडून नको म्हणायचं. तुटलीच तर तुकडा टाकायचा नाही, त्यावरून नवी चावी कापता येते. फेविक्विक लावून तुकडा ओढायचा उपाय मोबाईलवर फिरत असतो, त्याने अख्खं कुलूपच बसतं.

तेलाचंही सांगते. दाराची कडी कुरकुरली की खोबरेल, शिलाई मशीन अडली की तेल, तसं गाडीच्या कुलपातही दोन थेंब सोडायची आपल्याला सवय. करू नका. तेलावर धूळ बसते, तिचा चिखल होतो आणि दोन महिन्यांनी कुलूप पहिल्यापेक्षा जड. त्याऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरतात. ती नसेल तर मुलांच्या कंपासातली मऊ पेन्सिल चावीच्या दोन्ही अंगांना घासायची आणि चावी चार वेळा आत-बाहेर करायची. पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असतं.

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. नवव्या अध्यायात पाच समिती येतात आणि त्यांत एक आदान-निक्षेपण. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून. महाराज कमंडलू ठेवण्याआधी पिच्छीने जागा हळुवार झाडतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, हात जोडून पाहिलं आहे. पण ते मुनींसाठी, असं म्हणून घरी येतो आणि चावी टेबलावर फेकतो, तिनेच पार्सलची चिकटपट्टी फाडतो, डब्याचं झाकण उचकटतो. मग खाचा झिजल्या, पातं वाकलं, की नवल करतो. एक मैत्रीण मला म्हणाली, गाडीच्या चावीत समिती कशाला आणतेस, तिथे कुठला जीव मरतो? समितीचा मुख्य हेतू जीवरक्षा हा, हे तिचं बरोबरच आहे. पण जपून उचलणारा हात एका वस्तूसाठी वेगळा आणि दुसऱ्या वस्तूसाठी वेगळा असतो, असं मला वाटत नाही. पिच्छीसमोर नम्र होणारा हात चावी पिळायला पकड मागतो, तेव्हा तो घाईचा हात झालेला असतो.

त्याच नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य असतं. त्या दिवशी एकदा आपला चावीचा जुडगा तळहातावर घेऊन बघा. आपल्या सासवांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा म्हणजे घरातला मान होता, ते मला कळतं. पण गाडीच्या चावीला घराची, कपाटाची, स्कूटीची, माहेरच्या घराची किल्ली, वर पितळेचा हत्ती असं ओझं लोंबकळत असतं. गाडी धावताना ते सारखं झुलतं आणि कुलपाच्या आतला भाग झिजवतं. अमेरिकेत 2014 मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषामुळे लाखो गाड्या परत मागवल्या. मूळ दोष कमकुवत स्विचचा होता, पण जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी चालत्या गाडीत फिरायची, इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायच्या नाहीत. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने गाडीवाल्यांना सांगितलं होतं की जुडगा काढा, नुसती चावी लावा.

आणि ते भगवंतांचं चित्र असलेलं की-चेन? प्रतिष्ठेच्या वेळी भेट म्हणून वाटतात, नाही म्हणवत नाही. पण ती चावी जमिनीवर पडते, पर्समध्ये कशाकशासोबत लोळते, बाथरूममध्ये जाते. मला तो अविनय वाटतो. माझं मी देवघराच्या कपाटात ठेवून दिलं आहे.

दुसऱ्या चावीबद्दल घरात एकदा स्पष्ट बोला. ती तिजोरीत असू द्या, हरकत नाही, पण ती तिजोरी तुम्हाला उघडता आली पाहिजे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून ती हरवून चालत नाही हेही खरं. रोजच्यासाठी नक्कल करायची तर या कमी वापरलेल्या चावीवरून करा. झिजलेल्या चावीची नक्कल म्हणजे झिजेचीच नक्कल. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते. नुसतं पातं कापून दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही, तेव्हा चिपचं आधी विचारून घ्या.

जपून, हळू, थांबून असं सगळं सांगते आहे, पण एका प्रसंगी यातलं काहीही ऐकू नका. दार बंद, चावी फिरत नाही आणि आत मूल आहे. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. तिथे चावीवाल्याची वाट पाहायची नाही. 112 ला फोन लावायला सांगायचं आणि मुलापासून लांबच्या बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडायची.

राहिला चावीवाला. आपल्या भागात रस्त्याकडेला चाव्या करणारे बरेचसे शिकलगार शीख आहेत. हत्यारांना धार लावणं, पाणी देणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, त्यातूनच कुलूप-चावीचं आलं. आपल्या बायका काय म्हणतात? “त्यांना घर दाखवू नका गं.” ज्याला कुलूप उघडता येतं तो चोरच, हा कुठला न्याय? काम चालू असताना समोर उभं राहा, चाव्या मोजून घ्या, एवढी काळजी कुणाच्याही बाबतीत घ्यावी. पण लोह्याला त्या रात्री पकड न मागता, आवाज न चढवता, कुलपाला ओरखडाही न पाडता तुकडा काढणारा तोच एक होता. मुलांना थंडी वाजते म्हणून त्याने आपली घोंगडी दिली आणि मजुरी सांगितली पन्नास रुपये. जावेने शंभर दिले, तर तो सुटे शोधत बसला. त्याचा नंबर आता आमच्या दोघींच्या फोनमध्ये आहे.