खऱ्या जीपला खोटा रंग

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम क्रमांक १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. बहुतेकांना याच्याशी काही देणंघेणं नसेल. मला आहे, कारण माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातली फोर्ड जीपीडब्ल्यू जीप आहे. कारखान्यातून ती हिरवीच बाहेर पडली. आता मुलकी माणसाच्या नावावर आहे, म्हणून तिने हिरवं असायचं नाही.

मी कोल्हापूरचा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवून निवृत्त झालो. ही गाडी पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गुऱ्हाळामागे उभी होती. मालक तिला ‘डिस्पोजलची जीप’ म्हणायचा. ग्रिल दुसऱ्याच गाडीचं, अंगावर निळा रंग, मागच्या बाजूला उसाच्या मोळ्यांसाठी लोखंडी पिंजरा वेल्ड केलेला. कुणी सांगितलं असतं की ही महायुद्धातली आहे, तर मी हसलो असतो. पण पुढच्या बंपरमागे वाकून बघितलं तर चेसीचा आडवा दांडा चौकोनी घडणीचा. विलिस कंपनीने बनवलेल्या त्याच जीपमध्ये तिथे गोल नळी असते. मग बोल्ट पुसून पाहिले. एकेका डोक्यावर फोर्डचा ‘एफ’ उमटलेला.

त्या गाडीची घडण शिकवायला मला आजही आवडते. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलकी चारचाकी मागितली आणि पेन्सिल्व्हेनियातल्या बॅन्टम या लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दिला. पण लाखांनी गाड्या काढायची तिची ऐपत नव्हती, म्हणून मोठं काम विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप काढल्या. इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्ती, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. हेडलाइटचा एक नट सैल केला की दिवा मागे उलटतो आणि उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचा इतका विचार आजच्या कुठल्या गाडीत केलेला दाखवा. विलिस आणि फोर्डच्या जीपचे भाग एकमेकींना बसायचे, त्यामुळे रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती उभी राहायची. त्याच गुणामुळे आज पूर्ण फोर्ड किंवा पूर्ण विलिस सापडणं अवघड झालंय.

निळा रंग खरवडला तेव्हा खाली पिवळा निघाला, त्याखाली लाल ऑक्साइड आणि पत्र्याला घट्ट चिकटलेला हिरवा. इंजिनाचे भाग मुंबईच्या कुर्ल्यातून जमवले. जे मिळालं नाही ते आमच्या शिवाजी उद्यमनगरात ओतून आणि लेथवर काढून घेतलं.

आता नियमांची गंमत बघा. १५ जुलै २०२१ला केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद आणली. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये पडतात. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. यातलं मला काहीच खटकत नाही. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत. म्हणजे एक नियम मूळ रूप मागतो आणि दुसरा मूळ रंग लावू देत नाही. एकाच टेबलावर आईने ‘जेव’ म्हणावं आणि बापाने ताट ओढावं, तसा हा प्रकार.

हिरव्या रंगाच्या बंदीमागचं सुरक्षेचं कारण मी उडवून लावत नाही. जानेवारी २०१६मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर अतिरेकी लष्करी गणवेशात शिरले होते. पण १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला करणारे पांढऱ्या अँबेसेडरमधून आले, काचेवर गृह खात्याचं स्टिकर लावून. त्यानंतर पांढऱ्या अँबेसेडरवर बंदी आली नाही; स्टिकर आणि लाल दिव्यांची तपासणी वाढली. आणि आजचं लष्कर जिप्सीत फिरतं, स्कॉर्पिओत फिरतं. डावीकडे स्टिअरिंग असलेली, घाटात धापा टाकणारी ऐंशी वर्षांची जीप घेऊन छावणीच्या फाटकावर कोण कुणाला फसवणार?

खरा त्रास आमच्याच जुन्या जीपवाल्यांच्या जमातीतून होतो, हे मात्र कबूल केलं पाहिजे. महिंद्रांनी विलिसच्या परवान्यावर आपल्याकडे बनवलेली सीजे-थ्रीबी घ्यायची, तिचं उंच बॉनेट कापून खाली आणायचं, नाकावर पांढरा तारा रंगवायचा आणि ‘ओरिजिनल विलिस’ म्हणून विकायची, हा मोठा धंदा आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीतून तयार होऊन आलेल्या अशा गाड्या आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत दिसतात. त्या महिंद्राचं बॉनेट उंच होतं ते आतलं हरिकेन इंजिन उंच म्हणून. ती स्वतःच जपण्याजोगी गाडी होती. १९६५च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने. असा वारसा असताना अमेरिकी तारा कशाला हवा?

असा खोटेपणा जीपपुरताच नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी म्हणून जेरीकॅन, हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात, त्यातलं निम्मं नवं असतं. त्याचं मला फार वाटत नाही. पदकांचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानांना दिलेल्या पदकांवर नाव आणि नंबर कोरलेला असायचा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या कुणा शिपायाचं पदक काचेच्या कपाटात ठेवण्याआधी त्याचं गाव शोधायला काय हरकत आहे? सातारा-कोल्हापुरात हे काम अवघड नाही.

माझी मागणी नियम १२१मध्ये एका ओळीची आहे. ‘व्हीए’ नोंदणी झालेल्या, मूळच्या लष्करी गाडीला तिचा रंग ठेवू द्या. बदल्यात कडक अटी घाला: नंबरप्लेटवर लष्करी बाण नको, पलटणीची खूण नको, खोटी बंदूक नको. चेसीची तपासणी जाणकाराकडून करून घ्या, म्हणजे कापलेल्या बॉनेटवाले आपोआप गळतील. आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीचं वय आरटीओच्या नोंदीवरून मोजायचं की बांधणीच्या सालावरून, तेही एकदा स्पष्ट लिहा.

तोवर माझी गाडी प्रायमरवर उभी आहे. प्रायमर पाणी पितो, त्यामुळे पावसाळ्याआधी वरचा हात मारावाच लागणार. मी राखाडी ठरवलाय. युद्धात अमेरिकी नौदलाच्या जीप राखाडी असायच्या, आणि नौदलाच्या रंगाबद्दल नियम १२१ एक अक्षर बोलत नाही.