बंब पेटवण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली, की माळ्यावरची मंडळी खाली उतरू लागतात. पाट, परात, पणत्यांची परडी आणि त्यांच्या मागोमाग तांब्याचे एक भलेमोठे धूड. नातवंडे विचारतात, "आजी, हे रॉकेट का गं?" आजी हसून म्हणते, "अरे, हा तुझ्या पणजोबांचा बंब!" आणि लगेच ठरते, की यंदा अभ्यंगस्नानाला बंब पेटवायचाच.

बेत चांगला आहे. आमच्या गासला, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, सरपणाची ददात नाही. वाडीतल्या झावळ्या, करवंट्या आणि सोडणे दारातच वाळतात. शेजारी नाताळच्या थंडीत बंब पेटतो, आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे. परंतु ज्या घरात तो कित्येक वर्षे पेटलेला नाही, तेथे आधी त्याची नीट ओळख करून घ्यावी.

वरून पाहा. मधोमध आरपार गेलेले नळकांडे दिसेल. विस्तव त्याच्या तळाशी जाळीवर. धूर नळकांड्यातून वर. आणि पाणी भोवतालच्या पोकळीत. रशियातल्या समोवाराची रचनाही हीच. जाळीखाली राख पडते आणि तेथूनच विस्तवाला वारा मिळतो.

आता यातली खुबी ऐका. तांबे वितळायला 1,085 अंश सेल्सियस उष्णता लागते. पण सांध्यांना कथील-शिशाचा डाख दिलेला असला, तर तो 183 अंशांच्या आसपासच पाघळू लागतो. मग बंब टिकतो कसा? आतले पाणी 100 अंशांच्या वर जात नाही आणि पत्र्यालाही तापू देत नाही, म्हणून! तेव्हा पाणी आधी, काडी मागून. तोटी बुडाशी असेल तर विशेष जपावे. शेवटची बादली काढली, की खाली निखारे आणि वर कोरडा पत्रा. जितके काढाल तितके ओता. कोरडा पडून तापलेल्या बंबात मात्र गार पाणी ओतू नका. वाफ उसळून अंगावर येते. झाकण सैलच ठेवा, वाफेला वाट हवी.

परीक्षा सोपी आहे. बंब भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी कागद किंवा जाळी ओली दिसली, तर तांबटाकडे न्या. नळकांड्यातली काजळी खरवडून काढा. डाखात शिसे असू शकते, म्हणून हे पाणी नहाण्यापुरतेच, चहाला नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बंब मागच्या अंगणात पेटवावा, बंद न्हाणीघरात कदापि नाही. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. धगधगते निखारेही तो सोडतात. डोके जड झाले, मळमळले, ग्लानी आली, तर त्या माणसाला ताबडतोब उघड्यावर आणा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

रंग दिलेली फळकुटे आणि प्लॅस्टिक जाळू नका. राखेत निखारे लपलेले असतात. ती पाणी शिंपडून पत्र्याच्या घमेल्यात ठेवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावे? चिंच-मिठाने घासून बंब दिवाणखान्यात मांडावा आणि पाणी गीझरचे घ्यावे. उटण्याचा वास तोच येतो. ज्यांना अंगण आहे त्यांनी खुशाल पेटवावा. फक्त बंबाच्या आत पाणी आणि बाहेर मोकळा वारा, एवढे दोन पहारेकरी जागे ठेवावेत. मग पहाटेची पहिली बादली घरातल्या सर्वांत धाकट्याला!