जुन्या गाडीचा एसी आणि हवेत सोडलेला गॅस



सासऱ्यांनी १९९३ साली घेतलेली मारुती ८०० आमच्याकडे अजून चालते. एसी मात्र दोन उन्हाळे नावालाच होता. कुरुळीहून चाकण ते केवढं लांब! पण नाशिक रस्त्यावर कंपन्यांचे ट्रक अडकले, की इकडे सूर्यास्ताआधी घर गाठायची घाई आणि मागच्या सीटवर सासूबाई घामाघूम. गाडी विकायला त्या तयार नाहीत. (खरं सांगू? मीही नाही.)

गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, उरलेला गॅस सोडून देतो, नवा भरतो. अर्ध्या तासाचं काम." मी त्याला थांबवलं.

एवढ्या जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस असतो. तो वर जाऊन ओझोनचा थर खातो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पासून आपल्या देशात त्याचं उत्पादन बंद आहे. शिवाय उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट. त्याच्या जागी भरतात तो आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णतेच्या बाबतीत तोही सुमारे १,४३० पट आहेच. एसी लावणं ही आपली सोय, तिचा दोष आपण आपल्या पदरी घेऊ. पण नळी उघडून गॅस फुस्सकन सोडण्यात कुणाचा काय लाभ? याला अनर्थदंड नाही तर काय म्हणायचं? गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरून ठेवणारं मशीन मिळतं. ते ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच गाडी न्यावी, चार पैसे जास्त पडले तरी, असं माझं ठाम मत आहे.

आणि अर्ध्या तासाचं काम तर ते नाहीच. आर-१२ बरोबरचं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे नीट परत येत नाही, आणि कोरडा पडलेला कॉम्प्रेसर एक दिवस जॅम होतो. म्हणून जुनं तेल काढून दुसरं घालायचं, ड्रायर नि रबरी रिंगा बदलायच्या, गळती शोधायची, मग व्हॅक्यूम करून गॅस भरायचा. तोही जुन्याच्या वजनाच्या ८०-९० टक्केच.

दुसऱ्या गॅरेजात आमची गाडी दिवसभर होती. आता एसी पूर्वीइतका गार नाही; ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की कमीच पडतो. तेवढ्यापुरता सासूबाई हातपंखा जवळ ठेवतात.