फ्रेंचला शिडी इंग्रजीचीच का?

‘साडेपाचला सात रस्त्यावर येशील का?’ हे वाक्य मित्राला म्हणताना सोलापुरात कुणालाही विचार करावा लागत नाही. तेच फ्रेंचमध्ये म्हणायचे झाले, की अकरावी-बारावीला गुणांसाठी ती भाषा घेतलेला विद्यार्थी अडखळतो. माझ्या मते याचे एक कारण शिकवण्याच्या माध्यमात आहे. आपल्याकडे फ्रेंच बहुधा इंग्रजीची शिडी लावून शिकवली जाते आणि नेमक्या अशा वाक्यापाशी त्या शिडीच्या पायऱ्या निखळलेल्या आहेत.

फ्रेंच वाक्य असे होईल: ‘त्यु पूरे व्हनीर आ सँक अर ए दमी, सिल त प्ले?’ यातील ‘सिल त प्ले’चा शब्दशः अर्थ ‘तुला रुचत असेल तर’. वडीलधाऱ्या वा अपरिचित माणसासाठी त्याचे ‘सिल व्हू प्ले’ होते, म्हणजे ‘तुम्हाला रुचत असेल तर’. आणि क्रियापदाचे रूपही त्याबरोबर बदलते. इंग्रजीतला ‘प्लीज’ मूळचा फ्रेंचमधूनच आलेला. पण त्यात ‘तुला’ उरले नाही आणि ‘तुम्हाला’ही नाही. सर्वांना एकच ‘यू’ पुरवणाऱ्या भाषेतून ही निवड समजावून सांगणे म्हणजे उगाच लांबचा वळसा आहे.

सोलापूर हे मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे शहर. मराठीत तू-तुम्ही, कन्नडमध्ये नीनु-नीवु, तेलुगूत नुव्वु-मीरु, उर्दूत तुम-आप. ज्याला शाळेत जाण्यापूर्वीच हा भेद अंगवळणी पडला आहे, त्याला तो ‘यू’मधून शिकवायचा, यात कोणते शहाणपण?

घड्याळाचेही तसेच. फ्रेंच ‘सँक अर ए दमी’ म्हणजे ‘पाच तास आणि अर्धा’. कन्नडमधील ‘ऐदूवरे’ आणि तेलुगूतील ‘ऐदुन्नर’ यांतही आधी पाच आणि मागून अर्धा. मराठी ‘साडे’ पुढे घेते, पण पाऊण तासाला मराठीच कामी येते. ‘पाऊण’ हा ‘पादोन’चा वंशज, म्हणजे एक चतुर्थांश उणे. फ्रेंचमध्ये पावणेसहाला ‘सिझ अर म्वँ ल कार’ म्हणतात, ‘सहा उणे पाव’. कन्नडभाषक मात्र ‘ऐदू मुक्कालु’, पाच आणि पाऊण, असे मोजतो. एकाच बाकावरची दोन मुले एकमेकांना अर्धे-अर्धे फ्रेंच घड्याळ शिकवू शकतील! रेल्वेच्या वेळापत्रकातले १७.३० फ्रेंचमध्येही आहे, पण मित्राला बोलावताना तिथेही सहसा साडेपाचच म्हणतात.

विनंतीतला मऊपणा कुठे असतो, हेही मराठीतून चटकन उमगते. आपल्याकडे ‘कृपया’ फलकांवर आणि निवेदनांत शोभतो. मित्राला तो कुणी म्हणत नाही. सारे सौजन्य क्रियापदात असते: ये, ये ना, येशील का, यायला जमेल का. फ्रेंचनेही क्रियापदच सैल केले आहे. ‘पूरे’ म्हणजे ‘शकशील’, तेही जराशा संकोचाने. वेळही सैल करता येते. ‘साडेपाचच्या सुमारास’साठी फ्रेंचमध्ये ‘व्हेर’ आहे. ठोक वेळ सांगितली की विनंतीला आज्ञेचा वास येतो, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

यावर आक्षेप येईल, की ‘कुड यू’ इंग्रजीतही आहेच. आहे, आणि तेवढ्यापुरती ती शिडी जरूर वापरावी. शिवाय मराठी आणि फ्रेंच ‘तू’ सर्वत्र जुळत नाहीत. आपण आईला ‘अगं’ म्हणतो, पण पुष्कळ घरांत वडिलांना ‘अहो’. फ्रेंच घरात सहसा दोघांनाही ‘त्यु’. पण हा फरक समजण्यासाठीसुद्धा मनात दोन घरे असावी लागतात. इंग्रजीत एकच आहे.

मला खटकते ते वेगळेच. घरी कन्नड वा तेलुगू बोलणारे मूल आपली भाषा दप्तराबाहेर ठेवून वर्गात येते, कारण तिचा इथे उपयोग नाही असे त्याने गृहीत धरलेले असते. फ्रेंचच्या पहिल्या तासाला शिक्षकांनी एवढेच विचारावे: ‘साडेपाचला येशील का, हे तुमच्या घरी कसे म्हणतात?’ फळ्यावर तीन-चार वाक्ये सहज जमतील. त्यांच्याखाली फ्रेंच वाक्य लिहिले, की निम्मा धडा झाला.