जन्माला आला, वहीत नाही

दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी आणि वारली कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर टाकून डोंगर उतरतात. काही भिवंडीकडे जातात, काही आमच्या वसई तालुक्याच्या पूर्वपट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात. बयाणा पावसाळ्यातच घेऊन खाल्लेला असतो, तो जूनपर्यंत विटा थापून फेडायचा. या सात-आठ महिन्यांत भट्टीवरच्या झोपडीत मुलेही जन्मतात. जन्माची नोंद करायची ती जिथे जन्म झाला तिथे, आईबापांच्या गावी नव्हे, असा कायदा आहे. एकवीस दिवसांच्या आत केली तर एक पैसा लागत नाही. पण एक दिवस काम सोडून ग्रामपंचायतीत जायचे कोणी? खाडा पडतो, आणि खाडा म्हणजे बयाण्यात भर. मिरगाचा पाऊस आला की कुटुंब परत डोंगरात जाते. पुढे शाळेच्या वेळी दाखला हवा असतो तेव्हा गावचा ग्रामसेवक म्हणतो, मूल इथे जन्मले नाही. भट्टीच्या गावचा म्हणतो, ही माणसे इथली नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे असते!

ज्याला कुठलाच देश आपला म्हणत नाही अशा माणसाविषयी आपण वाचतो ते परदेशच्या बातम्यांत. ब्रह्मदेशातले रोहिंग्या हे त्यातले ठळक उदाहरण. १९८२ च्या तिथल्या कायद्याने १८२३ पूर्वीपासून स्थायिक असलेल्या जमातींना नागरिक मानले. सरकारने १३५ जमातींची यादी केली, तीत रोहिंग्यांचे नावच नव्हते. २०१७ साली सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली, पण त्याची तयारी पस्तीस वर्षे आधी कागदावर झाली होती.

सिलोनचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे असायला हवे. चहाच्या मळ्यांवर इंग्रजांनी नेलेले तमिळ मजूर तिथे तीन-चार पिढ्या राबले. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४८ साली, नव्या सरकारने नागरिकत्वाचा असा कायदा केला की वडील, आजोबा तिथेच जन्मल्याचा पुरावा दाखवावा. मळ्यावरच्या कुलीच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? सुमारे सात लाख माणसे एका फटक्यात कुठलीच राहिली नाहीत. कारण साधे होते, मतांचे. १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमाव्होबाई यांनी करार करून माणसे वाटून घेतली. सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. शेवटच्या माणसाचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडले.

या दोन्ही गोष्टींत एक रीत दिसते. ‘तू परका आहेस’ असे तोंडावर कोणी म्हणत नाही. जो कागद त्या माणसाकडे असूच शकत नाही, नेमका तो मागितला जातो. आणि तो का नाही याचे उत्तर मागणाऱ्यालाच पक्के ठाऊक असते.

आपल्याकडे काय आहे? पारध्यांचे घ्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच चोर ठरवले, त्यांची नोंद मात्र सरकारने चोख ठेवली होती. नाव, अंगठ्याचा ठसा, रोजची हजेरी. सोलापूरच्या सेटलमेंटला काटेरी तारेचे कुंपण होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, कुंपण गेले. पुढे भटक्या-विमुक्तांना सवलती मिळाल्या, पण जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा आणा, अशी अट आली. ज्याला कोणी गावात तीन रात्री टिकू दिले नाही, त्याने साठ वर्षांपूर्वीच्या घराचा पत्ता द्यायचा! शासनाने यात काही सवलती दिल्या, तरी तहसीलच्या खिडकीवर आजही पहिला प्रश्न तोच असतो.

ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींची गोष्ट निराळी, पण शेवट तोच. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन आयुष्यभर राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’विषयी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिले आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला, आणि पुढच्या दशकात आमच्याच तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले. सुटलेल्या माणसाला सरकारकडून मुक्तीचा दाखला मिळत असे. कित्येकांच्या आयुष्यातला नाव लिहिलेला तो पहिला सरकारी कागद असावा. त्याआधी ते नाव होते ते मालकाच्या वहीत, नावेच्या बाजूला.

मी नोकरीत लागलो तेव्हा बॅंकेत खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. पाड्यावरच्या माणसाला ओळख देणारा खातेदार म्हणजे बहुतेक वेळा त्याचा सावकारच, म्हणजे पैसे दडवायचे ज्याच्यापासून त्याचीच सही. २००२ नंतर कागद आले, आणि २०१४ साली जनधनची खाती उघडताना एक गंमत वारंवार दिसू लागली. अख्खा पाडा १ जानेवारीला जन्मलेला! आधारकार्ड काढताना तारीख ठाऊक नसली की यंत्र ती तारीख घालते. रेशनकार्डावर भिमी, मतदारयादीत भिमाबाई, आधारवर भिमा, आणि तिघींच्या वयात नऊ वर्षांचे अंतर. बॅंकेचे काम तेवढ्यावर भागत असे. उद्या कोणी याच कागदांवर तिचे नागरिकत्व तपासायला बसला तर?

‘उद्या’ म्हणतो खरा, पण दुसऱ्या काही लोकांसाठी तो दिवस केव्हाच उजाडला आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवलेल्या बंगाली मुसलमान जरीकारागिरांना कुर्ला-हावडा गाडीत बसवले आणि उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतले. आमचेच बंगालचे लोक आहेत, असे तिथले लोक म्हणत होते. जून २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मीरा रोडवरून उचललेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि तो भारतीयच असल्याचे दिसल्यावर परत आणावे लागले. त्याच्याकडे आधार होते, मतदारकार्ड होते. बेकायदा शिरलेले लोक नाहीत असे मी म्हणत नाही. त्यांना कायद्याने परत पाठवण्याचा हक्क सरकारला आहेच. पण न्यायाधीशासमोर उभे न करता ढकललेल्या माणसाला पलीकडच्या देशानेही नाकारले, तर त्याला कुठला देश उरला? नालासोपाऱ्यात भाडेकराराशिवाय राहणाऱ्या, बंगाली बोलणाऱ्या मजुराला आपण सोसायटीच्या सभेत ज्या सहजतेने ‘बांगलादेशी’ म्हणतो, तिथून या गोष्टीची सुरुवात होते.

कायदा काय सांगतो तेही पाहू. २६ जानेवारी १९५० पासून जून १९८७ अखेर भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आजच्या मुलासाठी बापाचा कागद हवा आणि बापासाठी आजोबाचा. ‘मी परका नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ च्या परदेशी व्यक्ती कायद्याने त्या माणसावरच टाकली होती, २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती तिथेच ठेवली. आधार, पॅन, मतदारकार्ड एवढ्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी लागली, तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ माणसे बाहेर राहिली. कागदावर नाव चुकलेले, लग्नानंतर नाव बदललेले किती असतील! भिमीला तिथे बसवून पाहा.

राहता राहिला जन्मदाखला. २०२३ च्या दुरुस्तीने तो सर्वांत मोठा कागद झाला आणि एक वर्षानंतरच्या नोंदीचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आला. हे बरे झाले असे वाटेपर्यंत जानेवारी २०२५ मध्ये राज्यात उशिरा दिलेल्या दाखल्यांची चौकशी लागली. बोट मालेगाव, अकोल्याच्या मुसलमानांकडे होते. खोटे दाखले काढणाऱ्यांना शिक्षा व्हावी. पण उशिरा नोंद करणाऱ्या प्रत्येकावर संशय घेतला की सगळ्यांत आधी तोच अडकतो ज्याच्या घरात कोणाचीच नोंद वेळेवर झालेली नाही. एका समाजासाठी लावलेली चाळण दुसऱ्यालाही गाळते.

आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत आजोबा-पणजोबांचा उतारा हवा असेल तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या असतात. बाप्तिस्मा झाला की धर्मगुरू नाव लिहितात, माणूस वहीच्या शोधात हिंडत नाही. सरकारलाही हे जमते. पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम, माडिया गोंडांसाठी २०२३ पासून पाड्यांवर शिबिरे झाली, आधारकार्डे निघाली. मग तीच गाडी डिसेंबर ते मे दर महिन्याला वीटभट्ट्यांवर का जाऊ नये? आशाताईंना बाळंतिणी ठाऊक असतात. भट्टीमालकाकडे मजुरांची यादी असते, कारण बयाणा वसूल करायचा असतो. ती यादी घेऊन ग्रामसेवकाने वही तिथेच उघडावी आणि जन्मठिकाण म्हणून भट्टीच्या गावाचे नाव लिहावे. यंदाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल.