भेटायला जाणे हेही एक कामच

डिसेंबरमधल्या एका गुरुवारी इशाच्या नमाजनंतर आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांसोबत घरी आला. खरे म्हणजे वडीलच त्याला घेऊन आले होते. ताडकळससारख्या गावात बाप-लेकाचे एखाद्या गोष्टीवरून पटले नाही की प्रकरण शिक्षकाच्या ओट्यावर येते. त्याची आम्हाला आता सवय झाली आहे.

"सर, हा औरंगाबादला जायचं म्हणतोय," वडील म्हणाले. "विचारलं, काय काम आहे? तर म्हणतो काम काही नाही, दोस्ताला भेटायचंय. शनिवारी जाणार, रविवारी येणार. सोयाबीनचे पैसे अजून हातात आले नाहीत आणि याला भेटायला जायचंय! भेटणं हे काय काम झालं?"

शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आमच्याकडे घराघरांत बोलताना जुनेच नाव तोंडी येते, म्हणून इथे तेच लिहीत आहोत. मुलांची नावे मात्र लिहिणार नाही. दोघांना विचारूनच हे सांगत आहोत.

हा मुलगा परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने जाऊन-येऊन शिकतो. ज्याला भेटायचे तोही आमचाच विद्यार्थी. पहिलीपासून दहावीपर्यंत दोघे एका बाकावर बसले. बारावीनंतर तो फार्मसीसाठी औरंगाबादला गेला. हुशार मुलगा. त्याचे वडील त्याला एवढ्या लांब पाठवायला तयार नव्हते. "पाठवा, मुलगा नाव काढील" असे त्यांना आम्हीच सांगितले होते.

आम्ही मुलाला विचारले, "एकाएकी जायचे का ठरवलेस?"

तो म्हणाला, "सर, आधी तो रोज बोलायचा. आता फोन उचलतो, 'सगळं ठीक आहे' म्हणतो आणि ठेवून देतो. दिवाळीच्या सुट्टीत आला आणि दुसऱ्याच दिवशी परत गेला. ठीक आहे म्हणतो, पण मला काही ठीक वाटत नाही."

यावर आम्हाला सहीह मुस्लिममधली एक हदीस आठवली. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी ती सांगितली आहे. एक माणूस दुसऱ्या गावी आपल्या भावाला भेटायला निघाला. अल्लाहने त्याच्या वाटेवर एक फरिश्ता बसवला. फरिश्त्याने विचारले, कुठे निघालास? तो म्हणाला, या गावात माझा एक भाऊ आहे, त्याच्याकडे. फरिश्त्याने पुढे विचारले, त्याच्यावर तुझे काही उपकार आहेत का, त्याच्याकडे तुझे काही काम आहे का? तो म्हणाला, नाही, अल्लाहसाठी माझे त्याच्यावर प्रेम आहे, एवढेच. तेव्हा फरिश्त्याने सांगितले की, जसे तू त्याच्यावर प्रेम करतोस तसे अल्लाह तुझ्यावर करतो, हे सांगायलाच मला पाठवले आहे.

आम्ही मुलाच्या वडिलांना म्हणालो, "तुम्ही विचारलेत तेच फरिश्त्यानेही विचारले होते. आणि तुमच्या मुलाने जवळपास तेच उत्तर दिले आहे."

ते थोडे हसले. मग म्हणाले, "जा. पण रविवारी रात्री घरात पाहिजेस."

निघण्यापूर्वी मुलाने आम्हाला एक प्रश्न विचारला. "सर, मला नमाज कसर करावी लागेल ना?" आम्हाला बरे वाटले. परभणीहून औरंगाबाद रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. हनफी फिकहात साधारण 77 किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल, तर चार रकअतींची फर्ज नमाज दोन होते. फजर आणि मगरिब तशाच राहतात. मशिदीत तिथल्या इमामामागे पढली तर मात्र त्याच्यासोबत पुऱ्या चार. त्याचा मित्र तिथे शिकायला राहतो, म्हणून तो मुकीम आणि हा मुसाफिर. कालपर्यंत एकाच सफेत उभे राहणारे दोघे, पण आता एकाच्या चार आणि दुसऱ्याच्या दोन.

शनिवारी सकाळी मराठवाडा एक्स्प्रेसने तो निघाला. अम्मीने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे लाडू बांधून दिले होते. सेलू, परतूर, जालना करत गाडी औरंगाबादला पोचली. मित्र स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याने मिठी मारली, रोशन गेटजवळच्या खोलीवर नेले, चहा पाजला आणि म्हणाला, "आज प्रॅक्टिकल आहे, चुकवता येत नाही. संध्याकाळी येतो."

खोलीत चार मुले राहत होती. त्यांतला एक दुपारी सहज बोलून गेला, "प्रॅक्टिकल कुठलं? तो तर दोन महिन्यांपासून कपड्याच्या दुकानात जातो."

रात्री मित्र आला तेव्हा याने काही विचारले नाही. नंतर आम्ही त्याला म्हणालो, का नाही विचारलेस? त्याने दिलेले उत्तर आमच्या मनातून अजून जात नाही. तो म्हणाला, "सर, तो जेवत होता. अम्मीने दहा धपाटे दिले होते, त्यातले आठ त्यानेच खाल्ले. म्हटलं, आधी पोटभर खाऊ दे."

रविवारी सकाळी दोघे पाणचक्कीला गेले. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही जागा बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ आहे. हे नक्शबंदी सिलसिल्याचे सूफी बुजुर्ग बुखाऱ्याकडून इथे आले, म्हणून नावातच मुसाफिर. काही किलोमीटर दूर डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इथे आणले आहे. ते उंचावरून खाली पडते आणि त्याच्या जोराने जाते फिरते. इथे राहणारे फकीर, वाटसरू आणि विद्यार्थी यांच्यासाठी त्या जात्यावर पीठ दळले जाई. म्हणजे परगावच्या मुलाच्या पोटाची काळजी या शहरात तीनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी केली होती.

तिथे हौदाच्या काठावर बसून याने विचारले, "दुकानात किती पगार मिळतो?"

मित्र आधी रागावला, मग रडला. नंतर त्याने सगळे सांगितले. पहिल्या वर्षाचे चार विषय राहिले होते. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, बारावी कशीबशी पाठांतरावर काढलेली. फार्मसीत पहिल्या दिवसापासून सगळे इंग्रजीत. वर्गात प्रश्न विचारायला उभा राहिला की शब्द जुळायचे नाहीत, मागून हसू यायचे. हळूहळू विचारणे बंद झाले, नंतर जाणेही बंद झाले. घरून पैसे येत होते. ते घेताना लाज वाटे, म्हणून दुकानात लागला आणि खानावळ एका वेळेची केली. "अब्बांना सांगू नकोस," असे म्हणून त्याने याच्याकडून वचन घेतले.

दुपारच्या तपोवन एक्स्प्रेसने हा परभणीला उतरला, तिथून एसटीने रात्री घरी आला. वडिलांना दिलेला शब्द पाळला. मित्राला दिलेला शब्द कसा पाळायचा, हे मात्र त्याला कळेना. सोमवारी कॉलेज सोडून तो आमच्या शाळेच्या फाटकाशी उभा होता.

"सर, सांगितलं तर बेइमानी होते. नाही सांगितलं तर त्याचं वर्ष जातं. काय करू?"

वाचकहो, हा प्रश्न लहान नाही. खाजगीत सांगितलेली गोष्ट अमानत असते, सांगणाऱ्याने बोलताना नुसते इकडेतिकडे वळून पाहिले तरी ती अमानत होते, अशी आपल्याला शिकवण आहे. पण तिकडे एक बाप मुलगा शिकतो आहे असे समजून पैसे पाठवत होता. अमानत म्हणून गप्प बसायचे आणि त्या बापाला फसू द्यायचे, हेही पटण्यासारखे नव्हते.

आम्ही त्याला सांगितले, "तू सांगू नकोस. त्यालाच सांगायला लाव. मात्र त्याला मुदत दे, आणि तो सांगेल तेव्हा शेजारी बस."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, ती वेगळ्याच कारणाने. त्या मुलाला निरोप देताना शाळेत आम्ही त्याच्या गळ्यात हार घातला होता, भाषण केले होते. पुढची दीड वर्षे आम्ही त्याला एक फोनसुद्धा केला नाही. इंग्रजी जड जाईल हे आम्हाला माहीत नव्हते का? उर्दू आणि मराठी शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली, माहीत नसायला काय झाले? पण गावातला एक मुलगा फार्मसीला गेला, या आनंदात आम्ही ते बोललोच नाही. जे शिक्षकाने करायचे ते एका एकोणीस वर्षांच्या मुलाने धपाट्यांचा डबा घेऊन केले.

दोन आठवड्यांनी हा पुन्हा औरंगाबादला गेला. या वेळी वडिलांनी कामाचे काही विचारले नाही, उलट येण्या-जाण्याचे पैसे काढून दिले. शनिवारी गेला आणि रविवारी मित्राला सोबत घेऊनच परतला. मगरिबनंतर दोघे त्याच्या घरी बसले. आम्हालाही बोलावले होते. मुलाने मान खाली घालून सगळे सांगितले. त्याचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "सर, हा उपाशी राहत होता आणि आम्ही इथे दोन वेळा जेवत होतो." रागाचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. तेव्हा आम्हालाही माफी मागावी लागली. ती आम्ही मागितली.

पुढे सगळे एकदम सुरळीत झाले असे नाही. तो परत कॉलेजला जाऊ लागला आहे. दुकानातले काम रविवारपुरते ठेवले आहे. चारपैकी दोन विषय सुटले, दोन अजून बाकी आहेत. दर बुधवारी रात्री आम्ही फोनवर त्याच्याकडून इंग्रजीची दोन पाने वाचून घेतो. उच्चार आमचेही फार चांगले नाहीत. दोघेही चुकतो आणि दोघेही हसतो. पण त्या हसण्याने त्याला आता लाज वाटत नाही.

पालकांना आमचे दोन-तीन शब्दांत सांगणे आहे. मुलाने मित्राला भेटायला परगावी जायचे म्हटले की लगेच 'हिंडायला चाललाय' असे समजू नका. चौकशी जरूर करा. कुणाकडे उतरणार, तिथे मोठे कोण आहे, परतीची गाडी कोणती, हे विचारणे तुमचा हक्क आहे. थोडे पैसे वेगळ्या खिशात ठेवायला सांगा. हातात घरचे काहीतरी द्या, कारण खोलीवर राहणाऱ्या मुलाला पाहुणा परवडत नाही. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे, पण यजमानाला अडचण होईल इतके राहू नये हेही सांगितले आहे. दर तासाला फोन करू नका. आणि मुलगा परत आला की 'काय काय पाहिलंस' याच्याआधी 'तो कसा आहे' असे विचारा. फोनवर सगळेच ठीक असतात. खोलीतली भांडी आणि ताटातले जेवण पाहिल्यावर खरे कळते.

आणि मुलींचे काय? हे लिहीत असतानाच आमच्या लेकीने विचारले. तिची बालमैत्रीण नांदेडला शिकते. "अब्बा, तुम्ही त्याला फरिश्त्याची हदीस सांगितली. मी तीन महिन्यांपासून विचारतेय, मला नुसतं 'बघू' म्हणता." आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलीला एकटीला पाठवायला आमचे मन तयार नाही, हे खरे. पण तिला भेटूच न देण्याचे ते कारण होऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. सोबत जायला आम्ही आहोत, तिची अम्मी आहे. नांदेड आमच्यापासून औरंगाबादपेक्षा कितीतरी जवळ आहे. तीन महिने आम्हाला वेळ नव्हता असे नाही. भेटणे हे काम आहे, एवढे आमच्याच ध्यानात आले नव्हते.

येत्या शनिवारी, इन्शाअल्लाह, आम्ही तिघे पूर्ण्याहून नांदेडची गाडी धरणार आहोत. डब्यात काय न्यायचे, ते माय-लेकींचे कालपासून ठरते आहे.